‘पिकू दे, मग बघू!’

गेल्या अंकात कबूल केल्याप्रमाणे या खेपेला उन्हाळी वाळवणांविषयी लिहायचं होतं. पण मधेच एक पत्र हाती आलं आणि वाळवणं बाजूला ठेवली. कुरडया आठ दिवस थांबतील. या बाईंनी मात्र थांबू नये, असं मला मनापासून वाटतं.

पत्र सोलापूरकडचं आहे. नाव अर्थातच देत नाही. वय चौतीस, दोन मुलं, घरात सासू-सासरे. पाठीवर, ब्लाउजच्या गळ्याच्या जरा खाली, सहा वर्षांपूर्वी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढं ती वाटाण्याएवढी झाली, मग बोराएवढी, आणि आता लिंबाएवढी. गेल्या पंधरवड्यात तर ती लाल झाली, ठणकायला लागली. रात्री पाठीवर निजवत नाही. ब्लाउजला पिवळट डाग पडतो आणि त्याला असा वास येतो की, शेजारी कुणी येऊन बसलं तरी संकोच वाटतो. सासूबाई म्हणतात, ‘पिकू दे, मग बघू.’ यजमान म्हणतात, ताईचं लग्न तेवढं होऊन जाऊ दे. आणि बाई स्वतः काय म्हणतात? पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘ही कॅन्सरची गाठ तर नसेल ना, या भीतीनं मी दाखवायलाच धजत नाही.’

त्यांना मी वेगळं उत्तर पाठवलं आहे आणि त्यात पहिलंच वाक्य ‘पत्र वाचून होताच दवाखान्यात जा’ हे आहे. पण हे दुखणं काही त्यांच्या एकटीचं नाही. पाठीवर, मानेवर, कानामागे, डोक्यात अशा गाठी घेऊन वर्षानुवर्षं वावरणाऱ्या बायका आपल्या प्रत्येकीच्या नात्यात एक तरी असतेच. म्हणून हा मजकूर सगळ्यांसाठी. मी डॉक्टर नाही, हे नेहमीप्रमाणे आधीच सांगून ठेवते. जे लिहिते आहे ते वाचून आणि एका जाणत्या सर्जनबाईंना विचारून लिहिते आहे, आणि तपासणीची जागा काही कोणताही लेख घेत नाही.

आपल्याकडे या गाठीला जुना आणि नेमका शब्द आहे, आवाळू. हल्ली मात्र सर्रास ‘चरबीची गाठ’ म्हणतात, आणि तिथंच पहिला घोटाळा होतो. कारण आवाळूत चरबी नसतेच मुळी. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झिजत असतो आणि खालून नवा येत असतो. अंघोळीला अंग चोळलं की मळ निघतो त्यात ही झिजलेली कातडी बरीच असते. आता केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते, तिचं तोंड काही कारणानं बुजलं, की तिथली कातडी आत पिशवीसारखी फुगते. बाहेर पडायचा तो कोंडा आतच साठत जातो. केस आणि नखं ज्या द्रव्याची बनलेली असतात तेच हे, केराटिन. ते आत भिजून लगद्यासारखं, शिळ्या चक्क्यासारखं होतं, आणि त्याला तो ओळखीचा घाण वास येतो. पिशवी कातडीचीच, तेव्हा ती रोज नवा कोंडा तयार करीत राहते. म्हणून गाठ वाढते. हळूहळू वाढते, पण वाढते. डॉक्टर लोक तिला बोलण्यात ‘सेबेशस सिस्ट’ म्हणतात, पण तेही जुनं नाव चुकीच्या समजुतीतूनच आलेलं. खरं नाव एपिडरमॉइड सिस्ट.

यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही, बरं का. ‘पाठ नीट घासत नसेल’ म्हणून कुणी टोमणा मारला तर मनाला लावून घेऊ नका. ही गाठ लागट नाही, एकीची दुसरीला होत नाही. वांगं, भोपळा, आंबट खाण्यानं होत नाही. डोक्यातली आवाळवं मात्र थोड्या वेगळ्या जातीची असतात आणि घराण्यात चालत येतात. आईला, मावशीला, मग आपल्याला. आणि बायकांत ती जास्त दिसतात. कंगव्याचा दात लागून रोज दुखावतात, एवढाच त्यांचा त्रास. आणखी एक जागा आपल्या खास परिचयाची, कानाची पाळी. कान टोचताना कातडीचा एखादा कण आत ढकलला जातो आणि काही महिन्यांनी, वर्षांनी तिथं वाटाण्याएवढी गोळी हाताला लागते. कर्णफुलं बदलून ती जात नाही.

आता ओळखायचं कसं? आवाळू गोल असतं, कातडीला चिकटलेलं असतं, कातडी हलवली की तिच्याबरोबर हलतं. नीट उजेडात पाहिलं तर पुष्कळदा मधोमध एक काळा ठिपका दिसतो. ते त्या बुजलेल्या नळीचं तोंड. (डोक्यातल्या आवाळवाला बहुधा हा ठिपका नसतो.) खरी चरबीची गाठ कातडीच्या खाली असते, मऊ असते, बोट लावलं की लोण्याच्या गोळ्यासारखी निसटते आणि तिला ठिपका नसतो. केस्तूड किंवा गळू चार-आठ दिवसांत येतं, पहिल्यापासूनच दुखतं. आवाळू मात्र महिनोन् महिने गप्प बसलेलं असतं आणि मग एक दिवस बोलायला लागतं.

तर ते बोलायला का लागतं? आपल्याला वाटतं, बाहेरून जंतू शिरले. कधी तसंही होतं. पण पुष्कळदा प्रकार असा असतो, की ती पिशवी आतल्या आत फुटते. ब्लाउजची शिवण घासते, ब्रेसियरचा पट्टा रुततो, बसच्या बाकाचा दांडा लागतो, किंवा घरातलं कुणी ‘बघू गं’ म्हणून दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबतं. बाहेरचं तोंड बारीक, तेव्हा दाबलेला माल बाहेर कमी येतो आणि आत जास्त पसरतो. हा लगदा शरीराला परका वाटतो, जणू आत काटा मोडला आहे. मग लाली, सूज, ठणका. जंतू नसतानासुद्धा हे सगळं होतं. त्यावर जंतू शिरले, की पू. म्हणून लाल झालेलं प्रत्येक आवाळू अँटिबायोटिक मागत असतंच असं नाही आणि मेडिकलच्या दुकानातून मनानं तीन गोळ्या आणून खाण्यात काहीच अर्थ नाही. दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डबीत ठेवायच्या आणि पुढं मुलाच्या घशाला त्याच द्यायच्या, ही आपली घराघरांतली रीत तर फारच वाईट.

आता सासूबाईंच्या ‘पिकू दे’कडे वळते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. सुश्रुतसंहितेत गळवांच्या कच्च्या, पिकत असलेल्या आणि पिकलेल्या अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि जो वैद्य कच्चं कापतो व जो पिकलेलं तसंच सोडून देतो, त्या दोघांनाही एकाच मापानं दोष दिला आहे. आपल्या आजी-पणज्यांनी यातला पहिला अर्धा भाग तेवढा पाठ केला. पिकल्यावर थांबायचं नाही, हा दुसरा अर्धा वाटेत कुठं तरी सांडला. आजचे सर्जनही नुसती लाल, कडक सूज असेल तर सहसा लगेच सुरी लावत नाहीत; आत पू झाला आहे असं हाताला कळलं, की मात्र थांबत नाहीत. आणि पू झाला की नाही, हे ठरवायचं त्यांनी. घरच्या ओसरीवर बसून ते ठरत नाही.

घरगुती उपायांचं काय, असं तुम्ही विचारणारच. माझ्या मते त्यातला एकच निर्धास्तपणे करण्यासारखा आहे : ओला शेक. स्वच्छ सुती फडकं कोमट-गरम पाण्यात पिळून, हाताच्या मागच्या बाजूला सोसेल एवढंच गरम, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. दिवसातून तीन-चार वेळा. याने ठणका कमी होतो आणि तोंड मोकळं असेल तर आपोआप निचरा होतो. दाबायचं नाही. गव्हाच्या पिठाचं किंवा जवसाचं पोटीस बांधतात तेही मुळात शेकच, पण बाई गं, उकळतं पोटीस पाठीवर थापून कातडी भाजलेल्या किती तरी जणी आहेत. पाठीवरचं आपल्याला दिसत नाही, लावणारीला लागत नाही! शिवाय उघड्या जखमेवर पीठ चिकटलं तर ते काढताना जी दैना होते ती वेगळीच. म्हणून फडकं बरं.

चुना-गूळ नको म्हणजे नकोच. चुना हे दाहक द्रव्य आहे, तो कातडी जाळतो. गाठ फुटल्यासारखी वाटते खरी, पण ती जळलेल्या कातडीतून फुटते आणि मागं व्रण ठेवून जाते. बिब्बा त्याहून वाईट. बिब्ब्याचं तेल उतून सबंध पाठ फोडांनी भरल्याच्या हकिगती गावोगाव ऐकायला मिळतात. घोड्याचा केस बांधणं, तापवलेल्या सुईनं टोचणं, ब्लेडनं चीर देणं, हे प्रकार अजूनही चालतात याचं नवल वाटतं. सुई गॅसवर धरली म्हणून हात, कातडी आणि फडकं काही निर्जंतुक होत नाही. आणि समजा, यातून माल बाहेर आलाही, तरी पिशवी आतच राहते. ती पुन्हा भरते. कोठीतले जुने दाणे उपसले तरी कोठी जागच्या जागीच असते ना, तसंच.

मलमांबद्दलही दोन शब्द. गोरेपणाच्या आणि खाजेच्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते अशा जागी चोळलं तर जंतूंचं फावतं. गाठ विरघळवणारं मलम म्हणून जे काही विकलं जातं, त्याने कातडीची पिशवी विरघळत नाही. पैसे तेवढे विरघळतात.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचं उदाहरण सांगते. मानेवर, अंबाड्याच्या खाली त्यांना अशीच गाठ होती. एकाएकी सुजली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मायेपोटीच चुना-गूळ लावला. तिसऱ्या दिवशी मान वळेना, ताप चढला, लाली कानापर्यंत आली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गाठीआधी रक्त तपासलं, तर साखर भलतीच वाढलेली. बाईंना मधुमेह आहे हे त्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं! तहान लागते ती उन्हाळ्यानं आणि थकवा येतो तो कामानं, असं त्या समजून चालल्या होत्या. पुढं आठवडाभर इंजेक्शनं, रोजचं ड्रेसिंग आणि साखरेची औषधं. आज त्या ठणठणीत आहेत, वर्गात आवाजही पूर्वीसारखाच चढतो. पण तुम्ही एवढं लक्षात घ्या, की पुन्हा पुन्हा गळवं येणं, जखम लवकर न भरणं ही मधुमेहाची चाहूल असू शकते. गाठ दाखवायला जाल तेव्हा साखरही तपासून घ्या. आणि मधुमेह आहेच असं ठाऊक असेल, तर ‘दोन दिवस बघू’ हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही त्याच दिवशी जायचं.

आणखी कुणी त्याच दिवशी जायचं? ताप किंवा थंडी वाजून आली असेल तिनं. लाली पसरत चालली असेल तिनं. ती पसरते की नाही हे कळायला एक सोपी युक्ती आहे : लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढून ठेवा, काही तासांत लाली रेघेच्या बाहेर गेली, की पर्स उचला आणि निघा. गाठीपासून लाल रेघ निघाली, काखेत किंवा जांघेत अवधाण आलं, तरीही तेच. डोळ्यांजवळ, नाकावर, वरच्या ओठावर सूज असेल तर तिथं बोटही लावू नका. चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांचा मेंदूकडच्या शिरांशी संबंध असतो आणि तिथला जंतुसंसर्ग क्वचित का होईना, पण आत पोचू शकतो. गरोदर असाल, कॅन्सरची किंवा संधिवाताची जालीम औषधं चालू असतील, तरीही वाट पाहू नये.

काही गाठी तर आवाळू समजून घरी ठेवायच्याच नाहीत. स्तनातली कोणतीही गाठ, मग ती दुखो वा न दुखो, डॉक्टरांनीच पाहायची. मानेच्या बाजूच्या, एकीला एक लागून असलेल्या गाठी क्षयाच्याही असतात; आपल्या देशात तो अजून गेलेला नाही, आणि तो औषधांनी बरा होतो. माकडहाडाशी, बसायच्या जागेच्या वर पुन्हा पुन्हा पू येतो, तो वेगळा रोग. काखेत आणि जांघेत वारंवार गाठी उठून फुटतात, तोही वेगळा. लघवीच्या जागेशेजारी एका बाजूला गोळा येतो, चालता-बसता येत नाही, ती तिथल्या ग्रंथीची गाठ असते. ती स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायची आणि त्यात लाजण्यासारखं काडीमात्र नाही. लहान बाळांच्या नाकाच्या मुळाशी, डोक्याच्या किंवा पाठीच्या मधल्या रेषेवर गाठ किंवा बारीक भोक दिसलं, तर मालीशवाल्या बाईंना तिथं दाबू देऊ नका. तिचा संबंध कधी कधी आत मेंदूशी किंवा मज्जारज्जूशी असतो.

सोलापूरच्या बाईंचा खरा प्रश्न कॅन्सरचा होता. आवाळवाचा कॅन्सर होणं फार म्हणजे फारच दुर्मीळ आहे. पण भराभर वाढणारी, दगडासारखी कडक, खाली घट्ट रुतून बसलेली, वर न भरणारी जखम झालेली गाठ असेल, तर शंका ठेवू नये. गंमत अशी, की याच्या उलटही होतं. डोक्यातलं दुर्लक्षित आवाळू फुटून, चिघळून असं उग्र दिसू लागतं की, पाहणाऱ्याला वाटावं कॅन्सरच. एडवर्ड कॉक या इंग्रज सर्जनच्या नावानं ते वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलं गेलं आहे. म्हणजे नुसत्या दिसण्यावरून डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. शंका आली की गाठ काढून तपासायला पाठवतात. मग आपण आरशात मान वाकडी करून कशाला निकाल द्यायचा? भीती वाटते ना, मग तीच जाण्याचं कारण समजा. न दाखवल्यानं आजार जात नाही, फक्त झोप जाते.

दवाखान्यात काय होतं, तेही सांगते. कारण न ठाऊक असलेल्या गोष्टीचीच धास्ती जास्त. गाठ शांत असेल, लहान असेल, काही त्रास नसेल, तर ती काढलीच पाहिजे असं नाही. तसंच डॉक्टरही सांगतील. वाढत असेल, घासत असेल, एकदा सुजून गेली असेल, तर ती शांत असतानाच काढणं सगळ्यांत सोयीचं. तेवढ्या जागेपुरती भूल देतात. इंजेक्शनची कळ लागते तेवढीच. मग पिशवी सोलून सबंध बाहेर काढतात, टाके घालतात. साध्या गाठीला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो आणि त्याच दिवशी घरी येता येतं. पिशवीचा तुकडा राहिला तर गाठ पुन्हा येते. सुश्रुतानंही अर्बुदाच्या बाबतीत हेच बजावलं आहे, की अंश उरला तर ते ठिणगी राहिलेल्या आगीसारखं पुन्हा उठतं.

पण गाठ पुवानं भरली असेल, तर काम दोन हप्त्यांत होतं आणि हे पुष्कळ जणींना कुणी समजावून सांगत नाही. आधी चीर देऊन पू काढतात. ती जखम शिवत नाहीत, उघडीच ठेवतात, आत औषधाची पट्टी भरतात, म्हणजे ती तळापासून भरून येते. सुजलेल्या, पिचलेल्या जागेतून पिशवी धड निघत नाही, म्हणून ती नंतर काढायची. सूज पूर्ण ओसरल्यावर, साधारण महिना-दीड महिन्यानं किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा. इथंच आपण फसतो. पू गेला, ठणका थांबला, की आपण डॉक्टरांकडे फिरकत नाही. आणि वर्षानं गाठ पुन्हा आली की ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण नाही’ म्हणून मोकळ्या होतो! तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा : आज फक्त पू काढताय, की पिशवीही? दुसऱ्यांदा केव्हा येऊ? काढलेली गाठ तपासायला पाठवणार का? धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का? आणि आपण होऊन सांगा : कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का (त्या मनानं बंद करू नका), दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पितं का. पाळी चालू असली तरी एवढ्याशा शस्त्रक्रियेला काही हरकत नसते. ती सबब चालत नाही.

हे सगळं ऐकून कुणाला भीती वाटली, तर दोनशे वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगते. इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाच्या डोक्यावर असंच आवाळू होतं. ते काढायचं काम अॅस्टली कूपर या नामांकित सर्जनवर आलं. एवढा मोठा सर्जन, पण घाबरला. कारण तेव्हा ना भुलीचं इंजेक्शन होतं, ना निर्जंतुक हत्यारं, ना अँटिबायोटिक. एवढ्याशा जखमेतून विसर्प होऊन माणसं दगावत. राजा निभावला आणि १८२१ साली कूपरला सरदारकी मिळाली. त्या राजाला जे मिळालं नाही ते आज आपल्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून मिळतं.

मग आपण जात का नाही? पैसे हे एक कारण आहे, नाही असं नाही. पण खरी अडचण पुष्कळदा वेळेची आणि संकोचाची असते. पुरुष डॉक्टरांसमोर पाठ उघडी कशी करायची? तर बरोबर नणंद, जाऊ, शेजारीण कुणाला तरी न्या. तपासताना खोलीत नर्सबाई असाव्यात असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आणि वेळ? यजमानांच्या बोटाला कुरूप झालं तर सबंध घर त्यांच्या पायाशी गोळा होतं. बाईच्या पाठीवर लिंबाएवढी गाठ ठणकत असते आणि ती त्याच पाठीनं लग्नाचे पाचशे लाडू वळत असते. यात कुणी दुष्ट असतं असं नाही. पाठ कुणाला दिसत नाही, आणि आपण सांगत नाही. तेव्हा सांगा. ‘जरा दुखतंय’ असं नको; ‘पू आहे, वास येतो, उद्या सकाळी दहाला मला न्या’ असं सांगा. मोबाईलवर मुलीकडून पाठीचा फोटो काढून तारखेसह ठेवा. घरच्यांना दाखवायला आणि डॉक्टरांना गाठ किती वाढली ते सांगायला, दोन्हीला उपयोगी.

लग्नाचाही हिशेब मी त्या बाईंना मांडून दिला आहे. लग्नाला अजून तीन आठवडे आहेत. आज पू काढला तर ठणका बहुधा एक-दोन दिवसांतच उतरेल, आणि मांडवात त्या छोट्याशा पट्टीनिशी का होईना, पण हसतमुखानं उभ्या राहू शकतील. न काढला तर ऐन हळदीच्या दिवशी ताप भरायचा आणि मग वधूपेक्षा वहिनींचीच धावपळ जास्त व्हायची.

शेवटी थोडं नंतरच्या काळजीविषयी. पाठीवरची गाठ असेल तर दवाखान्यात जाताना पुढं हुकं असलेला, सैल, सुती ब्लाउज घालून जा. मागच्या हुकांचा ब्लाउज त्या दिवशी नको. डोक्यातली गाठ असेल तर आदल्या दिवशी न्हाऊन घ्या, तेल लावू नका. पट्टी कुणी, किती वेळा, कशानं बदलायची ते कागदावर लिहून आणा आणि जी व्यक्ती बदलणार तिलाच बरोबर न्या. पट्टी बदलण्याआधी आणि नंतर साबणानं हात. हळद, कॉफीपूड, राख काही भरायचं नाही. पथ्य म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करण्याचं कारण नाही. जखम भरायला तीच तर लागतात. पुवाचे डाग पडलेले कपडे, टॉवेल वेगळे ठेवून गरम पाण्यात साबणानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पाठीला टाके असतील तर भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, कडेवरचं मूल काही दिवस दुसऱ्या कुणाकडे द्या. जखमेतून पुन्हा पू आला, टाका उसवला, ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जा. चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत काढतात, डोक्यातले आठ-दहा, पाठीवरचे दहा-चौदा. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाच्या शेजारीच, म्हणजे सगळ्यांच्या नजरेला पडेल.